शनिवारी खडू न धरणारी आजी

आमच्या शाळेत शनिवारी सकाळचे तास असत आणि शनिवारी आजी लिहीत नसे. आम्ही बेने इस्रायली, म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या मराठी बोलणारे यहुदी. शनिवार हा आमचा शब्बाथ, विश्रांतीचा दिवस. खरं तर त्या दिवशी कामच करायचं नसतं. पण भूगोलाच्या बाईंना दर शनिवारी रजा कोण देणार? तेव्हा आजीने मधला मार्ग काढला होता. शाळेत यायचं, शिकवायचं, पण खडू आणि पेन हातात धरायचं नाही. फळ्यावर लिहायला ती वर्गातलं सर्वांत वाईट अक्षर निवडायची. सहावीत तो मान बहुतेक वेळा मला मिळायचा. घरी ती आजी होती, वर्गात बाई.

एका शनिवारी शाळा तपासायला साहेब आले. मी फळ्यावर महाराष्ट्राचा नकाशा काढत होते.

“त्र्यंबकपासून उजवीकडे वळ,” आजी खिडकीपाशी हाताची घडी घालून सांगत होती. “डावीकडे नको. तिकडे सह्याद्री आहे, गोदावरीला तो चढवणार नाही.”

साहेब मस्टर घेऊन दारात उभे राहिले. “बाई, आजची सही राहिलीय.”

“राहिलेली नाही. ती सोमवारी होते.”

“मग आज गैरहजर मांडू?”

“मांडा,” आजी म्हणाली. “पण आलाच आहात तर गैरहजर बाईंचा तास बघून जा.”

साहेब शेवटच्या बाकावर बसले. तास संपेपर्यंत माझी गोदावरी नांदेडला पोहोचली. साहेबांनी गैरहजर मांडलं नाही, हजरही मांडलं नाही. तो रकाना सोमवारपर्यंत रिकामा राहिला आणि पुढे तीच पद्धत पडली.

आजोबा गेल्यावर, आजी निवृत्त झाल्यावर, काका तिला इस्रायलला घेऊन गेला. तो आणि आत्या तिथे आधीच स्थायिक झाले होते. नाशकात राहिलो ते बाबा, आई आणि मी. तिथे आजीला हिब्रूच्या वर्गात घातलं. शिकवणारी मुलगी पंचविशीची होती. आजीने पहिल्याच दिवशी तिला खुणेने सांगितलं, की मागच्या बाकावरून फळा दिसत नाही. आजी पहिल्या बाकावर बसली होती.

अकरा महिन्यांनी ती परत आली. विमानतळावर काका रडला. आजीने त्याला आपला रुमाल दिला आणि धुऊन पाठवायला सांगितलं. हे काकाने फोनवर सांगितलं तेव्हा तो पुन्हा रडत होता.

शेजारच्या काकूंनी विचारलं, “एवढं सगळं आपलं असताना परत का आलात?”

“तिथं शनिवारी सगळंच बंद असतं,” आजी म्हणाली. “मी ज्याला नाही म्हणावं असं कुणी शिल्लकच नव्हतं.”

त्या संध्याकाळी मात्र ती काकाच्या मुलांचे फोटो मांडीवर घेऊन बराच वेळ बसली होती. मी आत गेले तर म्हणाली, “दिवा लाव. बघत काय उभी राहिलीस?”

गेल्या वर्षी, त्र्याण्णवाव्या वर्षी, ती झोपेत गेली. ठाण्याला दफन झालं. सातव्या दिवशी घरी प्रार्थना होती. मृतासाठी म्हणायची कद्दीश ही प्रार्थना दहा यहुदी पुरुष हजर असल्याशिवाय म्हणता येत नाही. नाशकात बाबा धरून तिघे जमले. उरलेले सात ठाण्याहून दोन गाड्यांतून निघाले होते आणि कसारा घाटात अडकले होते. वर एक ट्रक उलटला होता.

इकडे घर भरलं. आजीचे विद्यार्थी येतच होते. द्वारका चौकातला टायरवाला आला, मखमलाबादहून झेंडूची शेती करणारे दोघे भाऊ आले. जागा संपली तेव्हा माणसं जिन्यात बसली. साठ माणसं होती आणि दहा भरत नव्हती.

तासाभराने टायरवाला उठला. त्याचे केस पूर्ण पांढरे झाले होते. बाबांना म्हणाला, “मी टोपी घालून दहात उभा राहू का? बाईंनी मला तीन वर्षं शिकवलंय.”

“चालत नाही हो,” बाबा ओशाळून म्हणाले. “नियम आहे.”

“नियम आहे का? मग राहू द्या,” तो म्हणाला आणि परत जिन्यात जाऊन बसला. उठून मात्र कोणी गेलं नाही.

अडीच तासांनी ठाण्याचे सात जण आले. प्रवासाने त्यांचे चेहरे उतरले होते. त्यांना पाणी दिलं आणि सगळे उभे राहिले. बाबांनी खिशातून एक घडी घातलेला कागद काढला. बाबांना हिब्रू लिपी वाचता येत नाही, म्हणून आजीने स्वतःच, बहुधा जायच्या वर्षभर आधी, सगळी कद्दीश देवनागरीत लिहून ठेवली होती. अक्षर मोठं होतं, कारण बाबा चारचौघांत चष्मा लावत नाहीत. खाली लाल शाईत एक ओळ होती: घाई करू नये.

बाबांनी घाई केली नाही. दोनदा ते मध्येच थांबले, आणि साठ माणसंही थांबली.