दोरावर विश्वास ठेवायला शिकवणारे गजभियेकाका

श्रीधर गजभिये यांचा आणि माझा पहिला परिचय झाला तेव्हा ते एका ओकच्या झाडावर बरेच उंच होते आणि मी खाली उभी राहून पुण्याला आईशी फोनवर बोलत होते. इंग्लंडमधल्या बेसिंगस्टोकला येऊन मला थोडेच महिने झाले होते. माझे यजमान मिलिंद तिथल्या एका सॉफ्टवेअर कंपनीत होते. मला मात्र दिवसभर काहीच काम नव्हतं. आमच्या भाड्याच्या घरामागचा ओक शेजारच्या छपरावर झुकला होता, म्हणून घरमालकाने झाडं छाटणाऱ्यांना बोलावलं होतं. मी मागच्या गार्डनमध्ये येऊन आईला सांगत होते, की इथे माझ्याशी बोलायला कुणीसुद्धा नाही. तेवढ्यात वरून शांत आवाज आला, "ताई, जरा घरात जाऊन बोलता का? इथे फांदी येणार आहे."

मी आईला म्हटलं, नंतर फोन करते, झाडावर एक मराठी गृहस्थ आहेत. आईला वाटलं, मुलीला ताप चढला.

फांदी उतरल्यावर ते खाली आले, हेल्मेट काढलं आणि सर्वांत आधी माफी मागितली. परक्याचं घरगुती बोलणं कानावर पडलं याचा त्यांना संकोच वाटत होता. मी चहा केला. ते मूळचे नागपूरचे, तरुणपणी मामांकडे इंग्लंडला आलेले. कौन्सिलच्या उद्यान विभागात लागले, तिथेच दोराने झाडावर चढायला शिकले आणि पुढे त्यांनी स्वतःची छोटी फर्म काढली. निघताना म्हणाले, ऑफिसात फोन घ्यायला माणूस हवाय, आणि रविवारी तुम्ही दोघं आमच्याकडे जेवायला आहात. बायकोला मी घरी गेल्यावर सांगतो. त्या रविवारी सुशीलाकाकूंनी वाढलेली झणझणीत वांग्याची भाजी खाताना मला चार महिन्यांत पहिल्यांदा पोटभर जेवल्यासारखं वाटलं.

मी फोन घ्यायला लागले. मग कामाची जागा बघायला व्हॅनमधून जाऊ लागले, मग फांद्या ओढायला, आणि शेवटी एक दिवस काकांना विचारलं, मला चढायला शिकवाल का? त्यांनी 'बायकांना जमेल का' असं काही म्हटलं नाही. त्यांनी विचारलं, "भीती वाटते का?" मी हो म्हटलं. "मग शिकवतो," ते म्हणाले.

आमच्या धंद्यात सुरक्षेच्या नियमांची टिंगल करणं ही जणू रीतच आहे. हेल्मेटखाली डोकं शिजतं, कागद भरता भरता दिवस जातो, आमचे बाप असलं काही न घालता चढले आणि ऐंशी वर्षं जगले, हे मी कितीतरी जणांच्या तोंडून ऐकलं आहे. काका अशा बोलण्यात कधी सामील झाले नाहीत. एकदा व्हॅनमध्ये डबा खाताना त्यांनी त्याचं कारण सांगितलं. त्यांचे वडील नागपूरच्या एका गिरणीत होते. यंत्राला जाळी नव्हती. त्यांच्या उजव्या हाताची बोटं गेली तेव्हा मुकादमाने त्यांनाच बोल लावला, की नीट लक्ष ठेवायला काय होतं. काका म्हणाले, "ज्याच्या जिवाची कुणाला किंमत नसते, त्याच्यासाठी नियम करत नाहीत अनघा, त्याला नुसतं सांभाळून राहा म्हणतात. इथे कुणीतरी बसून माझ्या जिवाचा विचार केला आणि तो लिहून ठेवला. मी त्याला कसा हसू?"

तरी ते नियमांचे भक्त नव्हते. उंचावरच्या कामाचे नवे नियम आले तेव्हा बऱ्याच फर्म झाडाला हात लावण्याआधी यांत्रिक पाळण्याची गाडी मागवू लागल्या. काकांचं मत वेगळं होतं. ओल्या उतारावर ती गाडी नेणं दोरापेक्षा धोक्याचं असू शकतं, असं त्यांनी धंद्यातल्या लोकांच्या बैठकीत उभं राहून सांगितलं, तेही आवाज न चढवता. उलट ज्या झाडाचं खोड आतून कुजलेलं आहे, त्याला दोर बांधायला ते ठाम नकार देत. गिऱ्हाईक दुसऱ्याकडे गेलं तरी त्यांना चालायचं. "आधी नियम वाचायचा, मग झाड वाचायचं," असं ते आम्हाला सांगत, "आणि दोघांचं पटत नसेल तर काम थांबवून चहा प्यायचा." असे चहा आम्ही खूप प्यायलो.

रोज सकाळी काम सुरू होण्याआधी ते सगळ्यांना झाडाखाली गोल उभं करत आणि विचारत, आज काय चुकू शकतं? सर्वांत नवा असेल त्याने आधी बोलायचं, म्हणजे जुन्यांचं ऐकून तो गप्प बसत नाही. मग काही झालंच तर वर कोण जाणार, त्याचं नाव ठरायचं. जास्तीचा एक दोर झाडावर आधीच चढवलेला असायचा. आणि शेवटी ते प्रत्येकाला विचारत, घरी सगळं ठीक? मला आधी ती नुसती चौकशी वाटली. केव्हिनमुळे कळलं की तीही सुरक्षेचीच बाब आहे. केव्हिन आमचा सर्वांत जुना गडी, बेसिंगस्टोकचाच, मोजकं बोलणारा. एका सकाळी त्याने 'ठीक' म्हणायला जरा वेळ लावला. काकांनी त्याला करवत दिलीच नाही. दुपारी कळलं की त्याची आई हॉस्पिटलमध्ये होती. काकांनी काम अर्ध्यावर ठेवलं, त्याला स्वतः तिकडे सोडलं आणि तो बाहेर येईपर्यंत पार्किंगमध्ये बसून राहिले. केव्हिन त्यांना 'मिस्टर जी' म्हणतो, गजभियेतला जी. त्या दिवसानंतर त्याच्या त्या दोन शब्दांत मला मुलाचा आवाज ऐकू येतो.

माझ्या आईला मात्र माझं हे काम मुळीच पसंत नव्हतं. फोनवर ती रडायची. एवढं शिकवलं ते झाडावर चढायला का, असं विचारायची. मी काकांना काही सांगितलं नव्हतं; सुशीलाकाकूंनी सांगितलं असावं. त्या हिवाळ्यात ते दोघं भारतात गेले आणि नागपूरला जाण्याआधी मुद्दाम पुण्याला उतरून आमच्या घरी गेले. पुढचं मला आईकडूनच कळलं. काकांनी चहा घेतला, पिशवीतून हार्नेस काढला आणि अतिशय अदबीने म्हणाले, "आई, तुमची मुलगी कशावर बसते ते एकदा बघता का?" आईने नाही म्हटलं. मग हो म्हटलं. काकूंनी साडीवरून तिला पट्टे बांधले. काकांनी झोपाळा काढून त्याच्या कड्यात दोर ओवला, आधी स्वतः त्याला लोंबकळून कडं तपासलं आणि मग आईला जोडून म्हणाले, "आता पाय उचला." सत्तरीला आलेली माझी आई दिवाणखान्यात अधांतरी बसली. बराच वेळ बसली. खाली उतरायच्या आधी तिने एवढंच विचारलं, "आणि हा तुटला तर?" काकांनी तिला सोबत जोडलेला दुसरा दोर दाखवला. तेव्हापासून आईने मला पुन्हा कधी अडवलं नाही. आता फोनवर ती आधी विचारते, दोर नवा आहे ना?

आता सांगते तो प्रसंग काकांना त्यांच्या साठीनिमित्त निघणाऱ्या या पुस्तकात नको असेल. त्यांची क्षमा मागून सांगते.

वृद्धांच्या एका केअर होममागे मोठा सिकॅमोर वृक्ष होता. त्याच्या फांद्या छपरावर आल्या होत्या. त्या दिवशी काका वर होते, केव्हिन आणि मी खाली. गरज पडली तर वर जायला माझं नाव ठरलं होतं. खिडक्यांमागे आज्या खुर्च्या ओढून आमचं काम बघत बसल्या होत्या. काकांनी एक फांदी नीट उतरवली, करवत बंद करून पट्ट्याला अडकवली, आणि त्याच क्षणी त्यांच्या डोक्यावरची एक वाळकी फांदी, जिला कुणी हातही लावला नव्हता, निखळून त्यांच्या खांद्यावर आदळली. ते फेकले गेले आणि दोराला लटकून खोडावर आपटले. हेल्मेटचा आवाज मला खालपर्यंत ऐकू आला.

केव्हिनने अँब्युलन्सला फोन लावला. पण जखमी माणूस हार्नेसमध्ये नुसता लटकत राहिला तर रक्त पायांत साचतं आणि तेवढ्यानेही जीव जाऊ शकतो, हे काकांनीच आम्हाला दर महिन्याच्या सरावात शिकवलेलं होतं. त्या सरावाला आम्ही सगळेच कुरकुरत असू. मी जास्तीच्या दोराला स्वतःला जोडलं. पाय खोडावर टेकवला. वरून त्यांचा आवाज आला, अगदी बारीक, पण स्पष्ट.

"अनघा, घाई नको. आधी वर बघ."

मी वर पाहिलं. तुटलेल्या फांदीचा दुसरा तुकडा एका बेचक्यात अडकून नेमका माझ्या वाटेवर लोंबत होता. मी तशीच चढले असते तर तो माझ्यावर आला असता. मी खोडाच्या दुसऱ्या बाजूने गेले. जवळ पोचले तेव्हा त्यांचा चेहरा पांढरा पडला होता आणि उजवा हात लुळा झाला होता. त्यांचा हार्नेस मी माझ्या हार्नेसला जोडला, त्यांचा दोर सोडवला आणि आम्ही दोघं एकाच दोरावर उतरू लागलो. त्यांचं डोकं माझ्या खांद्यावर होतं. माझे वडील माझ्या लहानपणीच गेले. इतक्या जवळून एखाद्या वडीलधाऱ्या माणसाचा श्वास मी त्याआधी ऐकला नव्हता. मधेच ते म्हणाले, "बरोबर चाललंय तुझं." मी रडत होते हे त्यांना कळलं असणार.

खाली केव्हिनने त्यांना झेललं. केअर होममधल्या एका आजींनी स्वतःच्या गुडघ्यांवरची लोकरीची शाल नर्सच्या हाती पाठवली. हॉस्पिटलात सुशीलाकाकू आल्या, माझे ओरखडलेले हात त्यांनी दोन्ही हातांत धरले आणि डॉक्टर बाहेर येईपर्यंत ते सोडले नाहीत.

गळ्याजवळचं हाड आणि खांदा, दोन्ही मोडलं होतं. कित्येक महिन्यांनी काका परतले. आमच्या फर्ममध्ये त्यांनीच घातलेला एक नियम होता: ज्याला वरून दुसऱ्याला उतरवून आणता येत नाही, त्याने वर चढायचं नाही. दर वर्षी प्रत्येकाने माणसाच्या वजनाचं पोतं झाडावरून उतरवून दाखवायचं. आल्यावर काकांनी स्वतःच ती परीक्षा मागितली. ते चढले. पोत्यापर्यंत पोचले. पण उजवा हात खांद्याच्या वर जाईना. त्यांनी पुन्हा प्रयत्न केला, तरी जाईना. केव्हिनने मान दुसरीकडे वळवली.

ते उतरल्यावर केव्हिन म्हणाला, मिस्टर जी, फर्म तुमची आहे, यातून तुम्हाला सूट आहे असं धरू. मीही तेच म्हटलं. काकांनी डाव्या हाताने हार्नेसचे पट्टे सोडवले. "नियम माझ्यासाठी वाकला, तर उद्या तुमच्यासाठीही वाकेल," ते म्हणाले. "तुमच्यासाठी वाकलेला मला चालणार नाही." तीस वर्षं ज्या उंचीवर त्यांचं घर होतं, तिथून ते असे उतरले. घरी जाऊन ते खूप वेळ बागेत एकटे बसले होते, असं काकूंनी मला पुढे सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सगळ्यांच्या आधी ते हजर होते. सगळे झाडाखाली गोल उभे राहिले आणि नेहमीचा प्रश्न आला, तेव्हा ते म्हणाले, खालच्या कामावर मी सर्वांत नवा, म्हणून आधी मी बोलतो. आम्ही हसलो आणि आमच्यापैकी काहींनी डोळे पुसले. तेव्हापासून वर मी किंवा केव्हिन असतो आणि दोराचं खालचं टोक काकांच्या हातात असतं. फांदी किती वेगाने सोडायची, कुठे थांबवायची, हे ते डाव्या हाताने शिकले. त्या वयात नवं काम शिकताना ते माझ्या सूचना विद्यार्थ्यासारख्या ऐकत. एखादी चुकीची वाटली तर सांगा, असं मी त्यांना म्हणायची, आणि ते सांगतही, पण काम झाल्यावर, बाजूला घेऊन.

गेल्या महिन्यात लंडनच्या बौद्ध विहारात त्यांच्या साठीचा छोटा समारंभ झाला. स्टॅनमोर, क्रॉयडन, कुठून कुठून माणसं आली होती. भाषणं झाली. काकांना बोलायला सांगितलं तेव्हा त्यांनी फक्त आभार मानले आणि जिना ओला आहे, उतरताना कठडा धरा, असं सांगून ते खाली बसले. लोक हसले. मी आणि केव्हिनने मात्र उतरताना कठडा धरला.

काका, साठ वर्षं हे आमच्या धंद्यात अभिमानाने सांगण्यासारखं वय आहे. ओकच्या हिशेबाने तुम्ही अजून पोरसवदा आहात. तुमचा खांदा थंडीत दुखू नये, काकूंच्या हातचं तुम्हाला रोज पचावं, आणि तुम्हाला चिंता करायला आम्ही फार कारणं देऊ नयेत, एवढं मागते. बाकी आमचा स्वार्थ आहे. वर गेल्यावर माणसाला चोहीकडे फक्त पानं दिसतात. खाली कुणी उभं आहे की नाही हे दोराच्या ताणावरून कळतं. तो ताण अजून पुष्कळ वर्षं आमच्या हातांना लागत राहो.