महाडातला शनिवारचा सराव

नवीन माणसाला नाचाच्या सरावाला आणणं ही काय चीज आहे, ते महाडात बॉलरूम डान्सचा क्लब चालवल्याशिवाय कळायचं नाही. माणसं टिकतात न टिकतात, किस्से मात्र साठत जातात. मी जहाजावर स्टुअर्ड होतो, तिथे वॉल्ट्झ शिकलो. क्लब काढायची हौस माझ्या बायकोची, शालिनीची. ती दोन वर्षांपूर्वी गेली. मी अजून दर शनिवारी पाचला हॉल उघडतो.

*

सुरुवातीला लोक दारातूनच सांगत, आम्ही फक्त बघायला आलोय. शालिनी म्हणायची, बघा की, पण चपला काढून आत बसा. चपला काढलेला माणूस पटकन पळत नाही, हे तिचं संशोधन! आमचे निम्मे मेंबर असेच अडकले.

*

दासगावचं एक जोडपं यायचं. आधी तो मोटरसायकलवर, मग दहा मिनिटांनी ती रिक्षाने. लग्नाला अठरा वर्षं झालेली! आत हातात हात घेऊन नाचायचे आणि जाताना पुन्हा वेगवेगळे. एकदा मी चिडून विचारलं, हे काय नाटक? तो म्हणाला, "सर, नवरा-बायको हाओत म्हणून तर लाज वाटते."

कप्पाळ माझं!

*

शालिनी गेल्यावर मी हॉलला कुलूप ठोकलं. कुणी नवीन आलं तर क्लब बंद झाला म्हणून सांग, असं शेजारच्या चहावाल्याला बजावलं. त्या गृहस्थाने एकालाही तसं सांगितलं नाही. सर येतायत, बसा, म्हणायचा. तिसऱ्या शनिवारी मी सहज तिकडून गेलो तर सात माणसं पायरीवर बसलेली. मला राग आला, आणि रडूही आलं. झक मारत कुलूप उघडलं.

*

पुरुष येईनात, म्हणून बायकाच पुरुषांच्या स्टेप शिकल्या. त्यात पोलादपूरकडच्या वाडीतली सुलभा अव्वल. तिचा नवरा अनंत मुंबईत गोडाऊनला कामाला. तीस वर्षांच्या संसारात गणपती, शिमगा आणि मे महिन्यातले आठ दिवस, एवढाच काय तो सहवास. तो रिटायर होऊन आला की त्याला इथे आणायचं आणि दोघांनी नाचायचं, एवढंच तिला हवं होतं.

तो आला. स्वतःच्या घरात साखरेचा डबा कुठे असतो ते त्याला ठाऊक नव्हतं, असं ती हसत सांगायची. सरावाला मात्र येईना. या वयात लोक हसतील, म्हणायचा. चार महिने मी फोन केले, दोनदा वाडीवर जाऊन आलो. शेवटी गेल्या महिन्यात एका शनिवारी दोघं आले. पुरुषाची बाजू सुलभाने घेतली. तो तिच्या पायावर पाय देत होता आणि सॉरी ती म्हणत होती.

आमच्याकडे प्रत्येक गाण्यानंतर जोडी बदलायची पद्धत आहे. जुन्या माणसाबरोबर नवखा लवकर शिकतो. पहिलं गाणं संपलं तशी सुलभा माझ्याजवळ आली.

"सर, आज आमाला नका बदलू. मुलाला बाळ झालंय. उद्या मी विरारला चाललेय."

किती दिवस, म्हणून मी विचारलं.

"पोर शाळेत जाईपर्यंत."

"आणि अनंतराव?"

"ते हितंच. घराला माणूस नको? गुरं हायत."

त्या दिवशी हॉल बंद होईपर्यंत मी कुणालाच जोडी बदलायला सांगितलं नाही.