शिळ्या पाण्यातले दहा मासे

रावसाहेब सर्वगोड ताटातली उजवीकडची अर्धीच भाकरी खायचे आणि वर पोट भरलं नाही म्हणून कुरकुरायचे. डावीकडची अर्धी तिथंच पडलेली असायची. नागूबाईंनी ताट फिरवून दिलं की ते चकित व्हायचे, बायकोनं आताच गुपचूप वाढली असं वाटून.

दिवाळीनंतर त्यांना पक्षाघाताचा झटका आला होता. त्यातनं ते वाचले, बोलणं शाबूत राहिलं, महिन्याभरात पायही चालू लागले. पण जगाची डावी बाजू त्यांच्या लेखी उरलीच नाही. दाढी केली की उजवा गाल गुळगुळीत आणि डाव्यावर जंगल. खोलीतून बाहेर पडताना डावा खांदा चौकटीवर आदळायचा आणि शिव्या मात्र चौकटीला बसायच्या. अशा माणसाला एकट्यानं रस्त्यावर कसं सोडायचं? डावीकडून रिक्षा आली तर तिला ते मोजणारच नाहीत.

आठवड्यातून दोनदा व्यायाम करून घ्यायला येणारी ऋतुजा स्पष्ट बोलायची. "डोळ्यांना काही झालेलं नाही मावशी. मेंदू डावीकडं बघायचं विसरलाय. पहिल्या सहा महिन्यांत जेवढं परत येईल तेवढं खरं. डावीकडं त्यांच्या आवडीचं काहीतरी हलतं ठेवा. मान आपणहून वळली पाहिजे."

नागूबाईंनी टीव्ही डावीकडं सरकवला. रावसाहेबांनी उजवीकडच्या भिंतीकडं बघत अख्खी मॅच कानांनी ऐकली. मग मुलगा यशपाल शनिवारी कुर्डुवाडीहून आला, तो रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये असतो, आणि म्हणाला, "आई, मासे आणू या का? मासे काय ऐकू येत न्हाईत. बघायचे तर मान वळवायलाच लागंल." पोरगा बापापेक्षा हुशार निघाला, असं नागूबाई अजूनही सांगतात, तेही रावसाहेबांच्या उजव्या कानाशी.

तीन फुटी काचेची पेटी आली. उजवं टोक खाटेच्या बरोबर समोर आणि बाकीची सगळी पेटी डावीकडं, अशी मांडली. नवी पेठेमागच्या बोळात प्रभुलिंगचं माशांचं दुकान आहे. तिथं नागूबाईंनी बोट दाखवलं ते निऑन माशांवर. बोटाच्या पेराएवढा जीव, अंगावर निळी झगझगीत रेघ आणि तिच्याखाली लाल.

"मावशी, हे नवख्याचं काम न्हाय," प्रभुलिंग म्हणाला. "लई नाजूक जात हाय. गप्पी न्या की."

"गप्पी नको. ह्येंची रेघ लांबनं दिसती. मला तेच पायजे."

आठ निऑन घरी आले. नागूबाईंनी विचारलं, "किती हायत?" रावसाहेब म्हणाले, "दोन." थोड्या वेळानं झुंड उजव्या टोकाला आली तर सहा झाले, परत वळली तर एक. "कुटं जात्यात रं हे?" असं म्हणत रावसाहेबांची मान इंचभर, अगदी इंचभरच, डावीकडं सरकली. नागूबाईंनी ते पाहिलं आणि त्या कामाच्या निमित्तानं आत गेल्या, डोळे पुसायला.

पाचव्या दिवशी नळाला पाणी आलं, आणि नागूबाईंनी तेच केलं जे बुधवार पेठेतली कुठलीही बाई करते.

रावसाहेब एकतीस वर्षं महापालिकेत चावीवाले होते. लांब लोखंडी चावी खांद्यावर टाकून गल्लोगल्ली व्हॉल्व्ह उघडायचे. त्यांनी पाणी सोडलं की सगळ्या गल्लीनं घागरी, बॅरल, हंडे उपडे करायचे, घासायचे आणि ताजं भरायचं. ताजं आल्यावर शिळं ठेवणारी बाई आळशी, हा तिथला अलिखित कायदा. आणि चावीवाल्याची बायको कायद्यात कमी पडून कसं चालेल? त्यांनी मासे पातेल्यात काढले, पेटीतलं पाणी मोरीत ओतलं, काच घासली, खडे घासले, फिल्टरचा स्पंज नळाखाली पिळून पिळून पांढराशुभ्र केला. नळाचं पाणी काठोकाठ भरलं आणि मासे सोडले. इतकी सुंदर पेटी प्रभुलिंगच्या दुकानातही नव्हती.

दुपारपर्यंत आठही मासे पोट वर करून तरंगत होते.

"संपले व्हय?" रावसाहेबांनी विचारलं आणि मान उजवीकडच्या भिंतीकडं वळवली. नंतरचे चार दिवस ती तिथंच राहिली. मिळवलेला इंच गेला होता, आणि तो आपल्याच हातानं गेला हे नागूबाईंना जिव्हारी लागलं.

दुसरी बाई असती तर पेटी माळ्यावर टाकून मोकळी झाली असती. नागूबाई मेलेला एक मासा डबीत घालून प्रभुलिंगच्या दुकानात गेल्या. सगळं ऐकल्यावर त्यानं कपाळाला हात लावला. "मावशी, ताजं पाणी म्हंजे माशाला इख. त्यात जंतू मारायची पावडर असती. आन् त्या स्पंजात बारीक जीव ऱ्हात्यात, माशाची घाण तेच खात्यात. तुमी त्येंनाच धुऊन काडलं."

"मग काय करू?"

"पाणी शिळं होऊ द्या. उघड्या बॅरलात दोन दिवस, पावडर उडून जाती. एका वेळेला पेटीतलं चौथा हिस्साच बदला. स्पंज पेटीतल्याच पाण्यात हलका दाबा. आन् तीन आठवडे मासे मागू नका, देणार न्हाय." असं म्हणून त्यानं आपल्या पेटीतला एक काळाकुट्ट स्पंज पिशवीत घालून दिला. घाणीची अशी भेट नागूबाईंना आयुष्यात पहिल्यांदाच मिळाली. त्यांनी ती दोन्ही हातांनी घेतली.

घरी हे सांगितल्यावर रावसाहेब उखडले. "मी सोडलेलं पाणी इख? कोन म्हनतूय? बोलव त्येला!" निवृत्त होऊन पाच वर्षं झाली, तरी शहराचं पाणी अजून त्यांच्याच चावीनं येत होतं.

नागूबाईंनी आयुष्यभर अंगणवाडीत मदतनीस म्हणून काम केलं. चाळीस पोरांपैकी कुठलं पोर आज खाणार नाही, हे त्यांना दारातच कळायचं. तीच नजर आता पेटीला लागली. तीन आठवडे त्यांनी बिनमाशाच्या पाण्यात फिल्टर चालवला. गल्ली हसली, हसू दे. प्रभुलिंगनं सांगितलेली देशी बदामाची वाळकी पानं त्यांनी शाळेच्या आवारातून वेचून आणली आणि धुऊन पाण्यात सोडली. पाण्याला फिक्या चहाचा रंग आला, आणि दहा नवे निऑन त्यात असे वावरू लागले की जणू माहेरी आलेत.

मोहोळहून नणंद आली, केराबाई. नळाच्या दिवशी तिनं तो भरलेला बॅरल पाहिला आणि नाक मुरडलं. "वैनी, शिळं पाणी? तुज्या घरात? वतू का?"

"हात लावशील तर हितनं उपाशी जाशील," नागूबाई म्हणाल्या. नणंदेशी आवाज चढवून बोलायची त्यांची ती पहिलीच वेळ, आणि खरं सांगायचं तर त्यांना ती आवडली.

मग सोलापूरचा उन्हाळा आला. त्रेचाळीस अंशात माणसं भाजून निघतात, तिथं या पेराएवढ्या जिवांचं काय? नागूबाईंनी घरातला एकुलता एक टेबलफॅन पेटीच्या पाण्यावर लावला आणि स्वतः पुठ्ठ्यानं वारा घेतला. बाटलीत बर्फ करून ती बाटली पाण्यात तरंगत ठेवली. एका दुपारी दोन तास वीज गेली तेव्हा त्या स्टुलावर बसून, पाणी हलतं राहावं म्हणून पेटीतलंच पाणी पेल्यानं उचलून परत आत सोडत राहिल्या. उजवा हात भरून आला की डाव्यानं. ऋतुजा दारात उभी राहून बघत होती. "मावशी, तुम्हाला हे कुणी शिकवलं?" तिनं विचारलं. "माशांनी," त्या म्हणाल्या.

आणि रोज सकाळी एकच प्रश्न असायचा. किती हायत? चार. कधी पाच. एकदा सात. मग परत चार. रावसाहेबांच्या आकड्याला नागूबाईंनी कधी खोटं म्हटलं नाही. पण सहावा महिना सरत आला होता आणि त्यांचा जीव टांगणीला लागला होता. खांदा चौकटीवर कमी आदळायचा, पण आदळायचा.

मेमधल्या एका सकाळी त्या पेटीजवळ गेल्या, तर एक मासा तळाशी मेलेला. शेपटी मोडलेला तो. अगदी डावीकडच्या टोकाला, फिल्टरच्या पाइपामागं एकटाच असायचा. त्याच्याबद्दल त्या कुणाशी कधी बोलल्या नव्हत्या. रावसाहेब मागच्या दारी तोंड धूत होते. नागूबाईंनी गडबडीनं मासा जाळीनं काढला आणि तुळशीच्या कुंडीत पुरला. आठ मेले तेव्हा मान भिंतीकडं फिरली होती, ते त्या विसरल्या नव्हत्या. या वेळी कळूच द्यायचं नाही. म्हणून त्या दिवशी त्यांनी प्रश्न विचारला नाही. चहा दिला आणि मुकाट्यानं खाटेच्या कडेला, जागा होती तिथं, लसूण सोलत बसल्या.

रावसाहेब चहा फुंकत बराच वेळ पेटीकडं बघत होते.

"नागू, आज नऊच हायत."

"नऊच व्हते की."

"धा व्हते. मला शिकवू नगंस. त्यो मोडक्या शेपटीचा, पाइपामागं कोपऱ्यात असतूय, त्यो कुटं गेला?"

नागूबाईंच्या हातातला लसूण तसाच राहिला. तो कोपरा पेटीच्या पार डाव्या टोकाला होता. त्यांनी पदर तोंडाला लावला. आवाज येऊ नये इतकं बेतानं त्या रडत होत्या.

"येका माशासाटी रडतीस व्हय गं?" रावसाहेब म्हणाले. नागूबाई त्यांच्या डाव्या बाजूला बसल्या होत्या.