व्हॉल्व्हचा नट

बैलांच्या पटावर, म्हणजे शर्यतीवर, बंदी होती त्या वर्षांत आमच्या डोणगावकडच्या गड्यांना करमेना. तेव्हा त्यांनी पटाच्या त्याच मैदानावर फटफट्या सोडल्या. चुन्याच्या रेघेपासून चुन्याच्या रेघेपर्यंत, सरळ, दोन-दोनची जोडी. बंदी उठली, बैल परत आले, पण फटफट्या काही गेल्या नाहीत. आता एक दिवस बैलांचा, एक दिवस फटफट्यांचा.

माझं पंक्चरचं दुकान. मालकांचं, म्हणजे माझ्या नवऱ्याचं होतं, ते गेल्यावर माझं झालं. त्यामुळे दरवर्षी एक वाद माझ्याच दारात येतो: मागच्या चाकात ट्यूब टाकायची की नाही? मातीत चाकानं पकड घ्यावी म्हणून हे लोक हवा कमी ठेवतात. बिनट्यूबच्या टायरचा काठ मग रिमवरून सुटतो आणि हवा एका दमात जाते. ट्यूब टाकली तर हवा राहते, पण गाडी झटक्यानं सुटताना टायर रिमवर सरकतो, ट्यूबला सोबत ओढतो आणि हवा भरायचा व्हॉल्व्ह मुळापासून उपटतो. माझं म्हणणं, ट्यूब टाका, पण व्हॉल्व्हवरचा बारका नट रिमला कसू नका, वर टोपणापाशी ढिला ठेवा. ट्यूब सरकली की व्हॉल्व्ह तिरपा होतो, तुम्हाला दिसतो, तुम्ही थांबता. कसलेला नट व्हॉल्व्हला सरळ धरून ठेवतो, तुटेपर्यंत.

हे मला दुकान हाती आलं त्या पहिल्या वर्षीही ठाऊक होतं. तेव्हा मी बावन्न वर्षांची, म्हणजे अगदीच कोवळी, आणि तितकीच बावळट. गावात दूध घालणाऱ्या एका गड्याच्या चाकात मी ट्यूब टाकून दिली. त्याचं इंजिन समोरच्या गॅरेजच्या मिस्त्रीनं तयार केलं होतं. रेघेवर मिस्त्रीची नजर त्या नटावर गेली. "बाईमाणसाचं काम ढिलंच," म्हणत त्यानं पक्कड काढली आणि माझ्या डोळ्यांदेखत नट करकचून आवळला. आणि मी काय केलं? हसले! चारचौघांत पदर सावरून हसतात ना, तशी.

व्हॉल्व्ह तुटला. दूधवाला पडला, त्याचं मनगट मोडलं. मिस्त्रीनं लगेच माईक धरला, "टायर चढवतानी ट्यूबले चिमटा बसला. काम कोनाचं हाय, ते सांगत नाही." सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. चिमटा बसला की सापाच्या दातांसारखी दोन छिद्रं पडतात. ही ट्यूब तर व्हॉल्व्हच्या मुळाशी फाटली होती, आणि ती माझ्याच हातात होती. ती वर धरून एक शब्द बोलायचा होता. ह्या बाईसाहेब मान खाली घालून घरी गेल्या आणि मिस्त्रीचं तोंड समजून भाकरी थापत बसल्या. भाकरी जाड झाल्या, एवढाच काय तो बदला. पुढं वर्षभर माझ्या दारात चाक आलं नाही.

औंदा मिस्त्रीनं स्वतःची गाडी उतरवली. चालवणार त्याचा जावई. मैदानावरच्या माझ्या पालाशी तो गाडी घेऊन आला, "मावशी, ट्यूब टाकून द्या न."

मी टाकली. टायरवर आणि रिमवर मिळून चुन्याची एक आडवी रेघ मारली. नट टोपणाशी ठेवला आणि मिस्त्रीला हाक दिली, "मिस्त्री, बाईमाणसाचं काम हाय. ढिलं असंन. पाहून घ्या."

माणूस बदलत नाही, बाप्पा! त्यानं पक्कड काढली.

जावयाचं मनगट मला मोडायचं नव्हतं. म्हणून म्हटलं, "जावईबापू, रेघेवर जायच्या आधी इथंच दोन झटके मारून पाहा. पुढं नका जाऊ." पहिल्या झटक्याला लोक गोळा झाले. दुसऱ्याला चाक फुस्स करून बसलं. चुन्याची रेघ दुभंगली होती, अर्धी रिमवर, अर्धी वीतभर मागं टायरवर. मी ट्यूब बाहेर ओढली आणि मिस्त्रीच्या नाकापुढं धरली.

"चिमटा दाखवा."

गर्दीत तो दूधवालाही होता. "काऊन बे, आता बोल न!" तो ओरडला.

"वहिनी, नवी ट्यूब टाका. दोन जोड्यांनंतर नंबर हाय आमचा," मिस्त्री हळूच म्हणाला.

"टाकते. आधी माईकवर सांगा, तवाचा नट कोनं कसला होता."

एक जोडी सुटली. मग मिस्त्री गेला, माईक हातात घेऊन पुटपुटला, "तवा जरा चूक झाली होती."

"कोनाची?" मी इथूनच ओरडले. "मले ऐकू नाही येत!"

"माही! नट म्याच कसला होता! वहिनीचं काम बराबर होतं!"

भोंगा चांगला होता. पार डांबरी रस्त्यापर्यंत ऐकू गेलं.

मग मी नवी ट्यूब घेतली. थोडी हवा भरून पाण्यात बुडवली, बुडबुडे येतात का ते पाहिलं. पुसली, वाळू दिली, पावडर लावली. टायरमध्ये आतून हात फिरवून काटा-खडा चाचपला. रोज करते तसंच सगळं, फक्त सावकाश. भोंग्यावर त्यांचा नंबर पुकारला. परत पुकारला. मग त्यांच्या जागी तिसऱ्याच गाडीचं नाव आलं. नट टोपणाशी ढिला ठेवून मी चाक जावयाच्या हाती दिलं आणि हात धुतले.

मिस्त्री माझ्यापुढं येऊन उभा राहिला. "मुद्दाम केलं न तुमी?"

"हाव, मुद्दाम," मी म्हटलं.