आकारामतात्याचं पों-पों

आकारामतात्या आमच्या बँडात आला एकोणपन्नास साली. संस्थान विलीन झालं, दरबारी बँड मोडला, आणि तीस वर्षं राजवाड्यात वाजवलेला माणूस मंगळवार पेठेतल्या आमच्या लग्नाच्या बँडात येऊन बसला. संगं आणला काय, तर मांडीवर मावंना असला पितळी भोंगा. मी बाळासो, बँडचा मास्तर, क्लॅरिनेट वाजवायचो. मास्तर म्हंजे काय, तर लाल कोटाची बटणं सगळी शाबूत असलेला मी एकटाच.

आमच्या बँडाची रीत अशी. फुंकणारी चौदा, ढोल-ताशा वेगळा, आणि चौदाच्या चौदा एकच गाणं वाजवणार. ज्याला दम जास्त, तो वर. कुणी मधीच मुरकी घेतली, कुणी ओळीच्या शेवटाला रेंगाळला, तरी गाणं तेच. भजनात सगळी एकच अभंग म्हणत्यात आणि ज्यो त्यो आपल्या गळ्यानं म्हणतोय, तसं. एवढ्यावर आम्ही निम्म्या कोल्हापूरची लग्नं लावली, आणि एकबी मोडलं न्हाय.

आणि हे म्हातारं चौदाव्या जागेवर बसून गाणं वाजवायचंच न्हाय. आम्ही गाण्यात, ह्येचं खालनं आपलं पों... पों. आम्ही वर चढलो की ह्यो मुद्दाम खाली उतरणार. शेवटी मी इचारलं, "तात्या, गाणं येत न्हाय व्हय तुम्हास्नी?"

तात्या भोंगा पुसत म्हणाला, "मास्तर, तुम्ही तेराजणं एकदम एकच बोलताय. एकानं बोलावं आणि बाकीच्यांनी खालनं व्हय व्हय म्हणावं, ही दुसरी तऱ्हा. आणि तिसरी म्हंजे दोघांनी एकाच वक्ताला आपापलं बोलावं, दोन्ही ऐकू यावं आणि भांडण होऊ नये."

"असं आमच्या घरात अजून घडल्यालं न्हाय," मी म्हणालो. तात्या हसला न्हाय. दरबारी माणूस, हसायलाबी हुकूम लागत असणार.

बावन्न साली शिवाजी पेठेत एक लग्न लागलं. आदल्या दिवशी हळदीला वाजवत बसलो हुतो. नवरदेवाचा मामा गुंडू, लई हिशेबी माणूस, आमच्याम्होरं उभा राहून बोटं मोजाय लागला. मग भर मांडवात म्हणाला, "मास्तर, बोली चौदाची हाय. गाणं वाजवत्यात तेरा. ह्यो म्हातारा नुसता ढेकर देतोय."

मांडव हसला. मला राग यायला पायजे हुता गुंडूमामाचा, आला तात्याचा. सगळ्यांदेखत मी बोललो, "उद्या गाणं वाजवा, न्हायतर कोट उतरून ठेवा." साठीचा माणूस, घरात बायको तानाबाई अंथरुणाला खिळलेली. कोट गेला तर त्येला दुसरं दार नव्हतं, ते मला ठाऊक हुतं. तरी बोललो.

"वाजवतो की," तात्या म्हणाला.

दुसऱ्या दिवशी नवरदेव घोड्यावर बसून नवरीच्या मांडवाकडं निघाला. मागं कळस घेतलेल्या करवल्या, म्होरं आम्ही. तात्यानं भोंगा तोंडाला लावला आणि गाणं वाजवलं. माझ्यापरीस साफ. म्हंजे येत हुतं की सगळं, पहिल्यापास्नं.

दोन गल्ल्या गेल्यावर बिनसलं. ढोलवाला ज्ञानू तीन वर्षं त्या पों-पोंवर हात टाकत आल्याला, आणि ह्ये त्येचं त्येलाबी ठाऊक नव्हतं. खालचा टेकू गेला तसा ज्ञानूचा ठेका पळाय लागला. त्येच्यामागं आम्ही, आणि आमच्यामागं घोडं दुडक्या चालीला लागलं. नवरदेवानं मुंडावळ्या सोडून खोगीर धरलं. करवल्या राहिल्या तिकडं तालमीपाशी.

गुंडूमामा फेटा सावरत पळत आला. "अवं म्हातारबा, ते तुमचं पों-पों करा की."

तात्यानं भोंगा खाली घेतला. "पावणं, बोली चौदाची हाय. मी गाणं वाजवतोय." मग माझ्याकडं बघितलं. "फुडचं मास्तर सांगतील."

सगळी गल्ली माझ्या तोंडाकडं बघाय लागली. भर मांडवात बोललो हुतो, तर माफी काय कानात मागून चालणार न्हाय. लाज वाटली, सरळ सांगतो.

"तात्या, चुकलं माझं. तुमचं तुम्ही वाजवा."

"मग गाणं तुम्ही एकट्यानं घ्या," तात्या म्हणाला. "बाकीच्यांनी गप ऱ्हावा."

बाराजणं गप बसली. मी गाणं धरलं. खालनं भोंगा निघाला, आणि ह्या खेपेला पों-पों न्हवं, तात्याचं सोताचं दुसरंच गाणं. मी चढलो की ते उतरायचं, मी थांबलो की ते चालायचं. आता धडकतोय म्हणून मी दोनदा डोळं मिटलं, पण धडकलो न्हाय. ज्ञानूचा हात बसला, घोडं थंडावलं, करवल्या येऊन मिळाल्या. मांडवाच्या दारात दोघंबी एकाच सुरावर थांबलो. पंधरा वर्षं बँडात हुतो मी, पण दुसऱ्याचं ऐकत वाजवलं ते त्याच दिवशी.

"आत्ता कुठं चौदा भरले," गुंडूमामा म्हणाला.

वाजवत तर आम्ही दोघंच हुतो. मी तात्याकडं वळलो. तात्या भोंग्याआड रडत हुता. भोंगा मोठा असल्याचा त्येवढाच फायदा.