पेंढ्यातली कोलांटी

जयंतीच्या मिरवणुकीत लेझीम खेळता खेळता रिंगणाच्या मधोमध हवेतली कोलांटी मारायची, हे मीच सुचवलं होतं. लेझीम बसवणाऱ्या माझ्या थोरल्या बहिणीने विचारलं, "जमल तुला?" मी छाती काढून म्हणालो, "महिनाभर रोज मारतोय."

मारत होतो हे खरं. पण शेणवे गावातल्या आमच्या खळ्यावर, पेंढ्याच्या ढिगात. तिथे मी छातीपर्यंत रुतायचो आणि लेझीम धरलेले दोन्ही हात वर करायचो. आत मी पायांवर उतरलोय की बुडावर, हे पेंढ्याखेरीज कुणालाच कळत नव्हतं. मलाही नाही.

पहिल्या तालमीत कडक जमिनीवर ते सगळ्यांनाच कळलं. ढोलाचा ठोका पडला तेव्हा मी रिंगणात फतकल मारून बसलो होतो, हात वर.

"पंगतीला बसलास का रे? भात वाढू?" ताई म्हणाली. "चार दिवसांत पायांवर आला नायस, तर मागच्या रांगेत."

मागच्या रांगेत मला जायचं नव्हतं. मी रोज ढिगातला पेंढा कमी करत गेलो. बसायला मात्र रोज जास्त दुखायचं. चौथ्या दिवशी ताई ढोलवाल्याला घेऊन खळ्यावर आली, तेव्हा जमिनीवर एकच पेंढी उरली होती. ताईने तीही पायाने सरकवली.

"मिरवणुकीत पेंढी घेऊन येनार हायस का?"

ढोल सुरू झाला. मी उडालो. ठोक्याला बरोबर पाय टेकले. मग तोल गेला आणि बुडही टेकलं.

"बसलास ते ठोक्यानंतर," ताई म्हणाली. "रिंगणातच रहा. चल, ऊठ, परत."