जीपी दाखवणारी नूरी

नूरीचं नाव काढलं का माह्या पोटात दुखते. हो, दुखते, लपवू कायले? मूल गावच्या बाजारात तिचं दुकान माह्या दुकानाले लागूनच. दोघी बी नकली दागिने विकतो. नागपूरचा ठोक मालवाला एकच, झुमके तेच, गळ्यातल्या पोती त्याच. तरी बाया माह्यासमोरून निघून जातात अन् तिच्यापाशी जाऊन बसतात.

तिच्यात हाय तं का हाय? तोंडात गोडवा नाई, हसणं नाई. बाप चंद्रपुरात सोनाराकडे पॉलिश करे, त्याच्यापाशी बसून लहानपणीच शिक्के वाचाले शिकली म्हणे. अयूबभाऊ, तिचा नवरा, ट्रकवर असते. दुकान, घर, सारं तीच पाह्यते. बाईनं पोत उचलली का हिनं हातातून घेतलीच. कडीमागचा शिक्का दाखवून म्हणते, "हे जीपी पाह्य. वरून सोन्याचं पाणी, आत पितळ. घामानं काळं पडन. सोनं समजून नेऊ नको."

आता सांगा बापा, असा धंदा करते काय कोणी? पन बाया ऐकतात अन् तिच्याचकडून घेतात!

वरून खरं सोनं बी तिलेच दाखवतात. आलापल्लीची गिरजाबाई नवं मंगळसूत्र घेऊन आली. माह्या दुकानाले वळसा घालून गेली, बरं! नूरीनं भिंग लावलं. "ही तिकोनी निशाणी, हा बावीस कॅरेटचा ९१६, अन् हा सहा अक्षर-आकड्यांचा नंबर. नंबर मोबाइलवर सरकारी ॲपमध्ये टाकून पाह्य. नुसता ९१६ तं कोणी बी ठोकते."

ते माह्या कानावर पडलं अन् जीव जळला. कारण मी तशाच पोती आणल्या होत्या, नुसता ९१६ ठोकलेल्या. "सोनंच समज," असं सांगून विकत होती. एक बाई म्हणे, "थांब अंजनाबाई, नूरीबाईले दाखवून येतो." गेली ते गेलीच.

मंग माह्या पोरीचं, खुशबूचं साक्षगंध झालं, लग्न ठरलं. पोरगा मिथुन, राइस मिलमध्ये कामाले, घरचे आमच्यासारखेच. त्यानं पोट्टीच्या गळ्यात असा झगझगीत हार घातला का मी साऱ्या बाजारात सांगत फिरली. नूरीले तं मुद्दाम दोनदा सांगितलं, "जावयानं सोन्याचा हार घातला!"

ती म्हणे, "अल्ला पोरीले खुश ठेवो." बस, एवढंच. मेली जळली बी नाई!

पुढच्या बाजाराले मी भाजी घेऊन परत येतो तं पाह्यतो का? खुशबू नूरीच्या दुकानात बसून, अन् हार नूरीच्या हातात. माह्या डोक्यात आगच गेली.

"काऊन वं नूरी, माह्या पोट्टीचं लग्न मोडाले बसली काय?"

खुशबूच उठली. "ओरडू नको, आई. मीच घेऊन आली. मिथुन त्याच दिवशी म्हणे का हे पाण्याचं हाय, खरं मंग करून देईन. तू म्हणे सोनं. दोघातलं खोटं कोण बोलून राह्यलं, ते पाह्याचं होतं मले."

"मंग?"

"जीपी हाय," नूरी हळूच म्हणाली. "पोरगा खरा हाय, अंजनाबाई."

"अवं पन मी का मेली होती? मले काऊन नाई दाखवला?"

"तुलेच तं पहिले दाखवला होता, आई," खुशबू म्हणाली. "तू उलटून बी नाई पाह्यला."

बाजूच्या बाया ऐकून राह्यल्या होत्या. खुशबूनं केस बाजूले घेतले अन् मान नूरीपुढे केली. नूरीनं हार गळ्यात घालून मागची कडी लावली. मी भाजीची थैली धरून उभीच. ते काम आईचं होतं.